दुसऱ्यांच्या मालाचे बेट

माझी बत्तीस वर्षे कस्टम क्लिअरिंगच्या कामात गेली. या धंद्यात माणूस माल क्वचितच पाहतो. तो कागद पाहतो. माल कोणाचा, कुठून निघाला, मूळ कुठला, कोणाच्या नावावर उतरायचा, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर जुळली की कंटेनर सुटतो. एकदा दुबईमार्गे आलेल्या खजुराच्या पेट्या तपासणीसाठी उघडल्या. कागद सगळे दुबईचे होते, आतल्या पिशव्यांवरची छपाई मात्र भलत्याच देशाची. माझ्याबरोबरचे वयस्कर अधिकारी नुसते हसले आणि म्हणाले, "दुबईत खजूर पिकतो की नाही हा प्रश्नच नाही. दुबईत कागद पिकतो."

हे वाक्य पुढे अनेक वर्षांनी आठवले ते एका पुस्तकामुळे. फोर्टातल्या फूटपाथवर बार्बारा टुकमन या अमेरिकन लेखिकेचे १९८८ साली निघालेले 'द फर्स्ट सॅल्यूट' मिळाले. कॅरिबियन समुद्रातल्या सिंट युस्टेशियस नावाच्या डच बेटाने १६ नोव्हेंबर १७७६ रोजी नव्याने जन्मलेल्या अमेरिकेच्या जहाजाला तोफांची सलामी दिली, तिथून पुस्तकाची सुरुवात होते. मला सलामीत फारसा रस वाटला नाही. मी अडकलो एका आकड्यापाशी. १७७८-७९ च्या तेरा महिन्यांत या बेटाच्या बंदरातून ३,१८२ जहाजे बाहेर पडली. म्हणजे दिवसाला आठ. आणि बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २१ चौरस किलोमीटर. आपल्या मुंबई शहर जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहूनही लहान. तिथे बारमाही नदी नाही, गोडे पाणी म्हणजे टाक्यांत साठवलेले पावसाचे पाणी. शेतीला थोडी जमीन, एका टोकाला क्विल नावाचा निद्रिस्त ज्वालामुखी. बंदर म्हणावे तर तेही नाही. जहाजे उघड्या समुद्रात नांगरून उभी राहत आणि माल होड्यांनी किनाऱ्यावर येई. अशा खडकावरून रोज आठ जहाजे काय भरून नेत होती?

या प्रश्नाने माझी पुढची काही वर्षे खाल्ली. घरच्यांच्या मते अजून खाते आहे.

उत्तराचा पहिला भाग असा की बेटाचे स्वतःचे जवळजवळ काहीच नव्हते. स्टेशिया (हे बेटाचे रोजच्या बोलण्यातले नाव) जगत होते ते शेजाऱ्यांच्या बंदीहुकमांवर. अठराव्या शतकात कॅरिबियनमधली प्रत्येक वसाहत तिच्या मायदेशाला बांधलेली होती. इंग्रजांच्या नौकानयन कायद्यांप्रमाणे इंग्रज वसाहतीतली साखर इंग्रज जहाजातूनच, ठरलेल्या बंदरांतच जायची. फ्रेंचांचाही नियम तसाच, आणि स्पॅनिशांचा त्याहून कडक. नियम कागदावर चोख होते. फक्त गरजा त्यांच्याशी जुळत नव्हत्या.

मळीचे उदाहरण घ्या. साखर काढून उरलेली मळी फ्रेंच बेटांवर ढिगाने पडत असे, कारण तिच्यापासून केलेली रम फ्रान्समध्ये विकायला बंदी होती. तिथल्या ब्रँडीवाल्यांचे हित त्यात होते. इकडे उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत रम गाळणाऱ्या भट्ट्यांना मळी हवी होती आणि ती स्वस्त हवी होती. इंग्लंडच्या संसदेने १७३३ साली परक्या मळीवर गॅलनला सहा पेन्स जकात बसवली. आपल्या जमैका-बार्बाडोसच्या मळेवाल्यांना संरक्षण द्यावे हा हेतू. झाले इतकेच की मळी सरळ वाटेने न जाता आडवाटेने जाऊ लागली. ज्याला ती विकायची होती आणि ज्याला ती घ्यायची होती, त्यांना भेटायला एक तटस्थ ओटा हवा होता. तो ओटा म्हणजे स्टेशिया.

डच तिथे १६३६ पासून होते. आपल्या वाचकांना डच म्हटले की वेंगुर्ल्याची पडकी वखार आठवेल. ती पूर्वेकडच्या डच कंपनीची. स्टेशिया पश्चिमेकडच्या कंपनीची. दोन्हींचे भांडवल, संचालक आणि हिशेब वेगळे. पण वखारीचा विचार एकच: जमीन जिंकण्यापेक्षा माल जिथून जातो तिथे दार धरून बसावे. १७५६ मध्ये स्टेशिया खुले बंदर झाले. त्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात सात वर्षांचे युद्ध जुंपले आणि डच तटस्थ राहिले. धंद्याला याहून चांगला मुहूर्त कोणता?

आता कामकाज कसे चाले ते पाहू, कारण माझ्या मते खरा इतिहास इथे आहे. फ्रेंच बेटावरची साखर लहान गलबतातून रातोरात स्टेशियाला येई. तिथे ती वखारीत उतरे, पिंपे बदलली जात आणि निघताना तिच्यासोबत डच कागद असत. माल तोच, मूळ मात्र बदललेले. बोस्टन किंवा फिलाडेल्फियाहून येणारे जहाज पीठ, लाकूड, खारवलेले मासे आणि पुढे तंबाखू उतरवी आणि बदल्यात साखर, मळी, युरोपातले कापड, शिसे, लोखंड घेई. ज्यांना डच झेंड्याचा आसरा हवा ते परके व्यापारी बेटाचे नागरिकत्व घेत. एकाच पेढीत एक भागीदार इंग्रज, एक डच, एक अमेरिकन असे. ज्या देशाचे जहाज अडवले जाईल त्या देशाचा भागीदार पुढे होऊन मालावर हक्क सांगे. मालाची निम्मी सुरक्षितता या भागीदारीच्या पत्रातच होती. बंदराच्या काठाने, कड्याखालच्या अरुंद पट्टीवर, मैलभर वखारींची रांग उभी राहिली. त्यांच्या पिवळसर विटा हॉलंडहून रिकाम्या येणाऱ्या जहाजांच्या तळात, जहाज स्थिर राहावे म्हणून भरून आणलेल्या.

जॅनेट शॉ नावाची एक स्कॉटिश बाई १७७५ च्या जानेवारीत इथे उतरली. तिच्या रोजनिशीत या बाजाराचे वर्णन आहे. एका दुकानासमोर दुसरे, एकात भरजरी कापड तर शेजारी खलाशांचे जाडेभरडे कपडे, लोखंडी भांडी, चांदीची भांडी, आणि त्यात हिंदुस्थानी कापडही. फ्रेंच हातमोजे तिने तिथे घेतले, आणि इंग्लंडचे मोजे इंग्लंडपेक्षा स्वस्त मिळाले म्हणून तेही घेतले. हे वाचताना मी थबकलो. आपल्याकडच्या कोणा विणकराचे कापड तीन समुद्र ओलांडून या खडकावर टांगलेले होते, आणि तिथे पोचेपर्यंत त्यावर किती जकाती चुकवल्या गेल्या असतील याचा हिशेब माझ्यासारख्या माणसाला मोहात पाडतो.

पण या बाजारात माणसेही विकली जात होती, आणि ती गोष्ट कापडाच्या कौतुकात हरवून चालणार नाही. १७२० च्या दशकात पश्चिमेकडच्या डच कंपनीने स्टेशियाला आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे ठाणे केले. इथून ती माणसे शेजारच्या फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रज बेटांवर विकली जात, कोणाच्या कायद्यात बसो वा न बसो. किनाऱ्यालगतच्या किल्ल्यात त्यांना ठेवण्यासाठी जागा बांधली होती. पुढे बेटाची वस्ती वाढली तेव्हाही निम्म्याहून अधिक माणसे गुलामच होती. होड्यांतून पिंपे उतरवणारे, वखारीत वाहून नेणारे, बदलून भरणारे हात त्यांचे. कागदांचा धंदा म्हणताना मी हे विसरत असे. २०२१ मध्ये बेटाच्या विमानतळाजवळ उत्खननात अठराव्या शतकातले गुलामांचे दफनस्थळ सापडले; डझनावारी सांगाडे निघाले. आपल्या पूर्वजांना आपल्याला न विचारता उकरले जात आहे म्हणून लोकांनी आवाज उठवला आणि काम थांबवावे लागले. 'सुवर्णखडक' हे बेटाला मिळालेले बिरुद. ज्या मळ्याच्या जमिनीत ही दफने निघाली, त्याचेही नाव तेच.

१७७५ मध्ये अमेरिकन वसाहती इंग्लंडविरुद्ध उठल्या आणि स्टेशियाच्या व्यापारात एका मालाची भर पडली, बंदुकीची दारू. बंडखोरांकडे ती जवळजवळ नव्हतीच. हॉलंडमधल्या भावाच्या पाचपट किमतीला ती स्टेशियात विकली जाई. चहाच्या पेट्यांत, तांदळाच्या पिंपांत लपवून ती पुढे जाई. नोव्हेंबर १७७६ च्या त्या सलामीकडे मी याच नजरेने पाहतो. गव्हर्नर योहानेस द ग्राफ स्वतः बेटावरच्या सर्वांत धनवान व्यापाऱ्यांपैकी एक होता. किल्ल्यावरून तोफा उडाल्या त्या एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी. इंग्लंडने आकांत केला, द ग्राफला हॉलंडला बोलावून जाब विचारला गेला, त्याने नेहमीचा शिष्टाचार पाळला एवढेच सांगितले आणि तो परत येऊन त्याच खुर्चीवर बसला. १९३९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या नावाने तिथे कृतज्ञतेची पाटी लागली. पाटीवर दारूच्या भावाचा उल्लेख नाही, आणि तो असण्याचे कारणही नाही.

या वाटेने केवळ दारू जात नव्हती. फिलाडेल्फियाचा एक ज्यू व्यापारी, योनास फिलिप्स, याने जुलै १७७६ च्या अखेरीस ॲमस्टरडॅमच्या आपल्या नातेवाइकाला यिडिश भाषेत पत्र लिहिले आणि स्टेशियामार्गे पाठवले, कारण सरळ वाट बंद होती. पत्रात जर्मनीतल्या आईला पैसे पोचवण्यासाठी हुंडी होती, इकडे कोणता माल खपेल त्याची यादी होती आणि सोबत अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची छापील प्रत होती. पत्र इंग्रजांच्या हाती लागले आणि त्यांच्याच दफ्तरात राहिले. ती यिडिश त्यांना सांकेतिक लिपी वाटली असे सांगतात. ते खरे असो वा नसो, आईची हुंडी, मालाची यादी आणि राष्ट्राचा जन्म एकाच पाकिटात, हे त्या काळच्या व्यापाऱ्याचे खरे चित्र आहे.

२० डिसेंबर १७८० रोजी इंग्लंडने हॉलंडविरुद्ध युद्ध पुकारले. ही बातमी स्टेशियाला पोचली ती ॲडमिरल रॉडनीच्या आरमाराबरोबरच, ३ फेब्रुवारी १७८१ रोजी. किल्ल्यात लढण्याजोगे पाच-पन्नास सैनिक; तासाभराच्या मुदतीत द ग्राफने शरणागती पत्करली. बंदरात १३० हून अधिक व्यापारी जहाजे उभी होती आणि वखारी भरलेल्या. एकूण ऐवज तीस लाख पौंडांच्या वर गेला असा त्या वेळचा अंदाज. किल्ल्यावर डच झेंडा रॉडनीने महिनाभर तसाच फडकत ठेवला, म्हणजे बातमी न लागलेली जहाजे आपणहून येऊन जाळ्यात पडावीत.

रॉडनीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी हा गृहस्थ कर्जबाजारी होऊन सावकारांना टाळण्यासाठी पॅरिसमध्ये राहत होता आणि एका फ्रेंच मार्शलने पैसे दिले म्हणून तो मायदेशी परतू शकला. लुटीत सेनापतीचा वाटा असे. आता समोर आयुष्यभराची कर्जे फिटतील एवढा माल पसरलेला. त्याने वखारींना कुलपे घातली, हिशेबवह्या आणि पत्रे ताब्यात घेतली आणि कोण कोणत्या देशाचा हे न बघता सगळा माल शत्रूचा ठरवला. सर्वांत वाईट गत ज्यूंची झाली. १०१ पुरुषांना एकत्र बोलावले, अंगावरच्या कपड्यांची अस्तरे उसवून पैसे काढले आणि तिसांना बायकामुलांना न कळवता सेंट किट्सला पाठवून दिले. त्यांच्या १७३९ मध्ये बांधलेल्या प्रार्थनागृहाच्या भिंती आजही उभ्या आहेत. (अंत्ययात्रा फार वाढल्या म्हणून रॉडनीने शवपेटी उघडवली आणि आत पैसे निघाले, ही गोष्ट प्रत्येक प्रवासी पुस्तकात सापडते. ती इतकी गोळीबंद आहे की माझा तिच्यावर विश्वास बसत नाही.)

गंमत अशी की सर्वांत मोठा गलका इंग्रजांनीच केला. सेंट किट्सच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी आपला माल फ्रेंचांच्या हल्ल्यापासून सुरक्षित राहावा म्हणून तटस्थ स्टेशियाच्या वखारीत ठेवला होता. तो त्यांच्याच ॲडमिरलने जप्त केला. ते कागद घेऊन आले. रॉडनीचे उत्तर असे की डच बेटावर उतरवलेला माल डचच. मूळ देशाच्या नियमाचा इतका उघडावाघडा अर्थ माझ्या सगळ्या नोकरीत मी ऐकला नाही. मग जाहीर लिलाव झाला, माल पडेल भावाने गेला आणि मध्यस्थांच्या हातून त्यातला काही पुन्हा फ्रेंचांकडे आणि अमेरिकनांकडेच पोचला. लंडनच्या संसदेत एडमंड बर्क यांनी हा प्रश्न धरून लावला. युद्धातही खासगी व्यापाऱ्याच्या मालमत्तेला काही संरक्षण असते की नाही, हा त्यांचा मुद्दा होता. रॉडनीने मायदेशी धाडलेल्या लुटीच्या ताफ्यावर मे महिन्यात फ्रेंचांनी झडप घालून बरीच जहाजे पळवली. दाव्यांच्या निकालांत रॉडनी उरलेले आयुष्य गुंतून राहिला.

तीन महिने तो बेटावर बसला होता. तेवढ्यात फ्रेंच ॲडमिरल द ग्रास मोठे आरमार घेऊन मार्टिनिकला पोचला. स्टेशियाच्या रक्षणासाठी आपल्याला चुकीच्या जागी उभे केले, अशी तक्रार रॉडनीच्या हाताखालच्या हूडने केली आहे. त्याच द ग्रासने सप्टेंबरात चेसापीकच्या उपसागराचे तोंड अडवले आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसचे सैन्य शरण आले. पाच वर्षांनी कॉर्नवॉलिस कलकत्त्याला गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने उभे राहिले. स्टेशियाची वखार लुटली नसती तर हे घडले नसते असे म्हणण्याइतका मी धीट नाही. पण आपल्याकडच्या वाचकाला तो माणूस कुठून आला हे माहीत असावे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. जवळपास सगळीकडे असे वाचायला मिळते की रॉडनीने स्टेशिया बुडवले. लुटले हे खरे. बुडवले हे खोटे. नोव्हेंबर १७८१ मध्ये फ्रेंचांनी एका पहाटे बेट परत जिंकले. इंग्रज अधिकारी सकाळी घोड्यावर रपेट करत असताना पकडला गेला. १७८४ मध्ये ते डचांकडे परतले आणि धंदा पुन्हा उभा राहिला. १७९० मध्ये बेटाची लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास होती. इतकी ती आधी कधी नव्हती, नंतरही कधी झाली नाही. ज्या बाजाराचा कणा मोडला तिथे माणसे का येतील?

ती आली याचे कारण लंडनचा एक हुकूम. स्वतंत्र झालेल्या अमेरिकेच्या जहाजांना इंग्लंडने जुलै १७८३ मध्ये आपली कॅरिबियन बेटे बंद केली. तिथल्या मळ्यांना अमेरिकन पीठ आणि लाकूड तर हवेच होते. म्हणजे पुन्हा बंदी, पुन्हा आडवाट, पुन्हा तटस्थ ओटा. (हा हुकूम नेव्हिस बेटाजवळ काटेकोर राबवणाऱ्या एका तरुण कप्तानावर व्यापाऱ्यांनी दावे लावले आणि त्याला कित्येक आठवडे जहाजातच लपून राहावे लागले. त्याचे नाव होरेशियो नेल्सन.) लूट एकदा होते. गिऱ्हाईक आणि त्याची अडचण शिल्लक असेल तर वखार पुन्हा भरते.

बेट खऱ्या अर्थाने बसले ते १७९५ नंतर. हॉलंड फ्रेंचांच्या अमलाखाली गेला, स्टेशियात फ्रेंच सैन्य आले, त्याच्या खर्चाचा आणि करांचा बोजा व्यापाऱ्यांवर पडला. सगळ्यात वाईट म्हणजे झेंड्याची तटस्थता गेली. आणि आता शेजारी पर्याय होते. स्वीडनने १७८५ मध्ये आपले सेंट बार्थेलेमी बेट खुले बंदर केले होते आणि डेन्मार्कचे सेंट थॉमस होतेच. व्यापाऱ्यांनी भागीदारीची पत्रे आणि हिशेबवह्या उचलल्या आणि ते तिकडे गेले. वखारी उचलून नेता येत नाहीत, त्या राहिल्या. १८१६ मध्ये बेट कायमचे डचांकडे आले तोवर विकायला आडवाटही उरली नव्हती. पुढे १८३० मध्ये इंग्लंडने अमेरिकन जहाजांना आपली बेटे खुली केली आणि मध्यस्थाची गरजच संपली. १ जुलै १८६३ रोजी डच बेटांवरची गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा स्टेशियात सुटका झालेल्यांना देण्यासारखे कामही फारसे नव्हते. लोक शेजारच्या बेटांवर कामासाठी जात राहिले. कड्याखालच्या वखारींची रांग ढासळली, काही भिंती समुद्रात गेल्या.

किनाऱ्यावर अजून कधीकधी निळ्या काचेचे मणी सापडतात. मुक्तीच्या दिवशी गुलामांनी ते समुद्रात फेकले अशी बेटावरची कथा आहे. आवडण्यासारखी आहे. मला मणी मात्र त्या काळच्या मालाच्या यादीतली एक ओळ म्हणूनच दिसतात, हा माझ्या धंद्याचा दोष.

आज बेटावर तीनेक हजार लोक राहतात. २०१० पासून ते नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे आणि चलन मात्र अमेरिकन डॉलर. बेटाच्या वायव्येला टेकड्यांवर प्रचंड टाक्या दिसतात. बेटावर तेलाचा थेंब निघत नाही. १९८० च्या दशकापासून इथे दुसऱ्यांचे तेल साठवले जाते, मिसळले जाते आणि दुसऱ्या जहाजात भरून पाठवले जाते. खोल समुद्र आणि वाटेवरची जागा, एवढेच भांडवल. खासगी रोजगारात या टाक्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

मे २०१८ मध्ये या टाक्यांत व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीचा माल होता. कोनोकोफिलिप्स या अमेरिकन कंपनीचे व्हेनेझुएलातले प्रकल्प २००७ मध्ये सरकारजमा झाले होते आणि लवादाने तिला सुमारे दोन अब्ज डॉलर भरपाई मंजूर केली होती. व्हेनेझुएला पैसे देईना. मग कंपनीने कॅरिबियनमधल्या डच बेटांवरच्या न्यायालयांत धाव घेतली आणि स्टेशियासह तिथल्या मालावर जप्ती आणली. ऑगस्टमध्ये समझोता झाला. दरम्यान व्हेनेझुएलाच्या कंपनीने वाटेवर असलेल्या आपल्या टँकरना मागे फिरून स्वतःच्या हद्दीत यायला सांगितले. १७८१ मध्ये वाटेतल्या जहाजांना असे कळवायची काही सोय नव्हती.